शेजारचं दार

एकनाथ बॅरिस्टर बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. लंडनच्या कोर्टात त्याने बोलूनच नाव काढलं आणि बोलूनच खासदार झाला. पण भाऊबिजेला अमेरिकेत शुगर लँडला ताईच्या दारात उभं राहिल्यावर या पठ्ठ्याच्या तोंडाला कोरड पडली. आता काय बोलायचं, कपाळ!

सुलेखाताईचा मुलगा वेद अमेरिकेच्या सैन्यातून इराकला गेला होता. आणि गेल्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्याच युद्धाला होकार देणाऱ्यांत हा सख्खा मामा होता. वेदचा फोन दर रविवारी यायचा. गेल्या रविवारी आला नव्हता, आजही अजून नाही. दाजी फोनपाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मान हलवली, तेवढंच.

"आलास? हातपाय धू. पाट मांडलाय," ताई म्हणाली. तिने शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं, असं त्याला वाटलं.

तो पाटावर बसला. ताईने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली. निरांजनाचं ताट उचलता उचलता विचारलं, "तुमच्याकडे मत कसं देतात रे? हात वर करून?"

"नाही ताई. हो म्हणणाऱ्यांनी एका दाराने जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या."

"आणि तुला स्वतःला काय वाटत होतं?"

"युद्ध चूक आहे, असं." त्याची मान खाली गेली. "पण पक्षाचा आदेश होता गं."

"ते दुसरं दार फार लांब होतं का?"

कोर्टात असल्या प्रश्नावर त्याने दहा मुद्दे काढले असते. इथे एवढंच म्हणाला, "नाही. जवळच होतं."

ताईने डोळे मिटून त्याला ओवाळलं. त्याने घाईघाईने ओवाळणी म्हणून आणलेली शाल पुढे केली.

"राहू दे," ती म्हणाली. "एक सांगते, रागावू नकोस. दर वर्षी ओवाळताना तुझं आयुष्य मागते. आज तुला ओवाळलं, पण मागितलं वेदचं."

"बरं केलंस, ताई," एकनाथ कसाबसा म्हणाला.

मग तिने त्याला वाढलं. फोनकडे बघत तिघंही जेवायला बसली.