माझ्यात रंगारी पडत नाही

मी पिक्चर बोलतोय. नाव विचारू नका, नाव घेण्यासारखं मी काही केलेलं नाही. विनोदी म्हणतात मला. चार घोडे, चाळिशी उलटलेले, अर्ध्या चड्डीत फिरतात, एकमेकांच्या खुर्चीला डिंक लावतात, आईच्या हातून घास खातात आणि बायको मिळत नाही म्हणून गळा काढतात. झाली गोष्ट. यापेक्षा जास्त काही निघालं तर माझं थोबाड फोडा.

पण बोंब केवढी मारली होती माझी! भिंत दिसली की तिच्यावर त्या चौघांचे दात. गाडीवर भोंगा लावून सांगत फिरले, पोट धरून हसाल. पहिल्या खेळाला दारं मोडायची वेळ आली. दुसऱ्या खेळाला अर्धे लोक मध्यांतरातच घरी निघाले. एकानं जाताजाता दारवानाला विचारलं, हसायचं कुठं होतं ते तरी सांग बाबा. दारवान म्हणाला, मी फक्त तिकिटं फाडतो.

खरं सांगायचं तर एकाच जागी हसायचे. एक रंगारी शिडीवर चढतो. चौघांनी पायऱ्यांना आधीच तेल लावलेलं असतं. रंगारी वर पोचतो, ब्रश डब्यात बुडवतो, मागं वळून हसतो आणि धाडकन खाली. डबा डोक्यावर. तिथं सगळं थेटर खिदळायचं, शिट्ट्या मारायचं.

तो नट नव्हता. खरा रंगारी होता. शूटिंगची भिंत रंगवायला आणलेला. ठरलेला माणूस आला नाही म्हणून याला म्हणाले, तूच चढ. चढला बिचारा. पडलाही. पण चौघांतल्या एका गाढवाला आधीच हसू फुटलं, म्हणून म्हणाले, परत घ्या. परत तेल लावलं, परत चढवला. तो दुसऱ्यांदा पडला ते माझ्या अंगावर आहे. उठला, केसांतला रंग निपटला, हसला. घरी गेला, डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला, तो उठलाच नाही. त्या चौघांना हे अजून कळलेलंही नसेल.

मला कसं कळलं? त्याच्या आईनं थेटरात मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला सांगितलं तेव्हा मी तिथंच डब्यात होतो.

दुपारच्या खेळाआधी जिना चढून ती थेट मशीनच्या खोलीत आली. धाप लागलेली, चपला हातात. तिथं मालकालासुद्धा विचारून यावं लागायचं. ऑपरेटर खेकसणारच होता.

"शिडीवरच्या माणसाची आई मी," ती म्हणाली. "दिसतो ना तो यात?"

दिसतो, म्हणाला.

मग ती खाली बसून बोलत राहिली. मिसरूड फुटायच्या आधीपासून पोरगा घर चालवत होता. फोटो म्हणाल तर एकच, लग्नातला, आणि त्यातही मेल्यानं डोळे मिटलेले. हलताना-हसताना तो आता इथंच उरलाय. पडतो हे तिला माहीत होतं. ते बघायचीही तयारी होती तिची. भीती दुसरीच होती.

"लोक हसतात का रे तिथं?"

ऑपरेटरनं फडकं घेतलं आणि पुसलेलं मशीन परत पुसलं. मग म्हणाला, खाली जाऊन बस मावशी, सुरू करतो.

शिडीचं रीळ मध्यांतरानंतरचं. पहिलं रीळ मशीनवर चढवून त्यानं माझं ते रीळ टेबलावर उलगडलं, उजेडासमोर धरत धरत शिडीपाशी आला आणि कात्री घेतली. कंपनीचा माल कापायचा म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. त्यानं कापला. रंगाऱ्याचं वर हसून झालं तिथपासून केस पुसून होईपर्यंत सगळं काढलं, टोकं खरवडून चिकटवली. मला दुखलं नाही. काटा काढल्यावर दुखतं का?

रंगारी चढला. वळला. हसला. आणि लगेच पुढचं, ते चौघं बागेत पळताना. कोणी हसलं नाही. मागून एकजण बोंबलला, पडायचं कुठं गेलं, पैसे परत द्या. म्हातारी पुढं बघत राहिली.

खेळ सुटल्यावर ती जिन्यात उभी होती.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काही नाही, मावशी. चढला."

खुळी नव्हती ती. "चांगला चढायचा," म्हणाली आणि कठडा धरून उतरली.

मी थेटरातून उतरेपर्यंत रोज यायची. हसायची एकच जागा होती ती पण गेली, म्हणून मालकानं ऑपरेटरच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि त्याला घरी बसवला. कापलेला तुकडा खिशात घालून तो गेला. पुढं थेटरालाही कुलूप लागलं.

आता मी जिन्याखाली पत्र्याच्या डब्यात आहे. अंगाला आंबूस वास येतो. कंपनीनं मला परत नेलं नाही, नेणार कोण असल्याला? माझ्यासारखीच भावंडं, याच पिक्चरच्या प्रती, दुसऱ्या गावांत पाठवली होती. त्यांच्यात तो प्रत्येक खेळाला पडला, आणि प्रत्येक खेळाला लोक हसले.

हा डबा कोणाला सापडला तर भंगारात घाला, जाळा, माझी ना नाही. माझी लायकी तेवढीच. पण तो तुकडा कधी हाती लागला तर तो मला परत जोडू नका. माझ्यात तो वर पोचलाय. मागं वळून हसतोय. राहू द्या त्याला तिथंच.