ड्रॉवरमधली दोन नंबरची पट्टी

मी बोलतेय, दोन नंबरची पट्टी. जनावरांचा रक्तदाब मोजायला पायाला गुंडाळतात ना, ती. अंगानं बारीक, मांजरांच्या मापाची. आणि मी काही विसरत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचे डॉक्टर सदा घाईत. पट्टी बदलायचा त्यांना कोण कंटाळा! एकदा मलाच एका दांडग्या कुत्र्याच्या पायाला आवळलं. मोठ्या पायाला अरुंद पट्टी लावली की आकडा नसता फुगतो. त्याला नको त्या गोळ्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी ते चक्कर येऊन पडलं. वाचलं बिचारं. मालकीणबाई भांडायला आल्या, तर डॉक्टर म्हणाले, "पट्टीच खराब निघाली हो!" आणि मला ड्रॉवरमध्ये भिरकावलं. वाळलेल्या पेनांच्या सोबतीला.

तिथे मी महिनाभर दातओठ खात पडले. आता सगळ्यांना रुंद पट्टी. एका आजोबांची म्हातारी मांजर तीनदा आली. बारक्या पायाला रुंद पट्टी, मग आकडा खालीच येणार.

"ठणठणीत आहे!" डॉक्टर म्हणायचे.

"मग दाराला का धडकते हो?"

"वय झालंय, आजोबा. तिचंही."

चौथ्या खेपेला नर्सताईंना राहवलं नाही. त्यांनी टेपनं मांजरीच्या पायाचा घेर मोजला आणि मला बाहेर काढलं. मांजरीला आजोबांच्या मांडीवर दहा मिनिटं निवांत बसू दिलं, पाय छातीच्या पातळीत धरला. क्षणभर वाटलं, हवा सोडून द्यावी, होऊ दे फजिती! पण मांजरीनं माझं काय घोडं मारलं होतं? आणि डॉक्टरांना झोंबणार होता तो खरा आकडाच.

पहिला आकडा ताईंनी सोडून दिला. पुढच्या पाचांची सरासरी, दोनशे दहा. दाब डोळ्यांवर गेला होता, म्हणून ती दाराला धडकायची.

"ही पट्टी खराब आहे, सांगितलं होतं ना!" डॉक्टर खेकसले.

"असेल," ताई म्हणाल्या, "पण महिनाभर चुकलं तेव्हा ही ड्रॉवरमध्ये होती."

बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांचे कान लाल झाले. तेव्हा जो गारवा वाटला म्हणता!

मांजरीचा एक डोळा वाचला, एक गेला. त्या डोळ्याबद्दल मी डॉक्टरांना अजून माफ केलेलं नाही. आता मी टेबलासमोरच्या खिळ्यावर, टेपशेजारी लटकते. डॉक्टर आधी घेर मोजतात, मग माझ्याकडे चोरून बघतात. मी बघतच असते.

तुम्हीही तुमचं जनावर डॉक्टरांकडे नेलंत, तर विचारा हो, "पाय मोजलात का?" माझ्यासाठी तेवढं कराच.