नेलपॉलिशचे दोन थेंब

"अगं बाई, इन्शिराह! हे काय?" शेजारची उम्म वजदी आईच्या बॅगेत कोपरापर्यंत हात घालून ओरडली. "नवऱ्याचा चाळिसावा होऊन आठवडा नाही झाला, आणि ही हज करून आलेली हाज्जा नखं रंगवून कुवेतला निघाली!"

तिच्या हातात नेलपॉलिशची बाटली होती. आईच्या रुमालात गुंडाळलेली, गडद लाल, तळाला गेलेली, झाकणाभोवती रंग वाळून कडक झालेला.

मी मुलूखियाच्या भाजीची वाळवलेली पानं पिशवीत दाबून भरत होते, ती थांबले. आईच्या नखांना रंग लागलेला मी कधी पाहिला नव्हता. नखावर रंग असला की वजूचं पाणी आत पोचत नाही, मग कसला नमाज, असं म्हणून तिने माझी पहिलीवहिली बाटली खिडकीतून खाली फेकली होती. तेव्हा मी तेरा वर्षांची होते.

"होती तिथे ठेव," आई म्हणाली.

"कुणाची आहे, ते तरी सांग."

"अशरफच्या बाबांची." बाबांचा उल्लेख ती नेहमी माझ्या भावाच्या नावानंच करायची.

उम्म वजदी हसत हसत पलंगावरच बसली. "अल्ला रहम करो त्यांच्यावर! उस्ताज हिल्मी नखं रंगवायचे आणि शेजारी राहून मला पत्ता नाही!" आईही हसली. मग तिने बाटली पुन्हा रुमालात गुंडाळली आणि बॅगेच्या कोपऱ्यात, औषधांच्या शेजारी ठेवली.

"आणि ही एवढी मुलूखिया कशाला?" उम्म वजदीने विषय बदलला. "कुवेतात काय मिळत नाही?"

"तिथल्या मुलूखियाला वास नसतो."

"तुला काय माहीत? तू तर फेरीबोटीनं कालवा ओलांडून पलीकडच्या पोर्ट फुआदला जायचं म्हटलं तरी दोनदा निरोप घेतेस."

खरं होतं ते. आईने पोर्ट सईद सोडून कुठे राहायचा विचारच कधी केला नव्हता. पण बाबा गेले, आणि कुवेतला राहणारा माझा भाऊ अशरफ म्हणाला, आई एकटी राहणार नाही. मी कैरोत एका प्रकाशनात मुद्रितं तपासते, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. "माझ्याकडे चल," असं मीही म्हटलं होतं. आई म्हणाली, "तू दिवसभर कागदात डोकं घालून बसणार. मी कुणाशी बोलू, तुझ्या कपाटाशी?" कुवेतात नातवंडं होती.

रविवारी व्हिसाचा अर्ज द्यायचा होता. सगळे कागद तयार होते, फोटो तेवढा राहिला होता. गल्लीच्या तोंडाशी एक पोरगा मोबाईलच्या दुकानात पाच मिनिटांत फोटो काढून देतो. आईने तिकडे पाऊल टाकायला साफ नकार दिला; बाबांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता.

"फनार स्टुडिओवाली बाहेर फोटो काढून घेणार? लोक काय म्हणतील? मी आपल्या स्टुलावर बसेन. त्यांच्या लेन्सनं काढ. नाहीतर नको ते कुवेत."

"आई, मला नीट येत नाही गं."

"तुझा बाप काय पोटातून शिकून आला होता?"

*

बाबांनी चाळीस वर्षं या शहराचे चेहरे काढले. शाळेच्या दाखल्याचे, लष्करात भरती होणाऱ्यांचे, साखरपुड्याचे, पासपोर्टचे. त्यांना कुणी कलावंत म्हटलं नाही आणि त्यांनीही तसं कधी मानलं नाही. 'चेहरा सरळ, मान सैल, श्वास सोडा' ही त्यांची तीन वाक्यं. त्यापलीकडे दुकानात ते फारसं बोलत नसत.

त्यांच्याजवळ अभिमानाने दाखवण्यासारखी वस्तू एकच होती, एक रशियन लेन्स. युद्धानंतर लोक शहरात परतले, कालव्यातून पुन्हा जहाजं जाऊ लागली, त्या दिवसांत एका रशियन खलाशाला दोन जीन्सच्या पँटी देऊन त्यांनी ती घेतली होती. पितळ आणि काच, हातात घेतली की वजन जाणवणारी. पुढे फिल्मचा जमाना संपला. बाबांनी एक साधा डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याच्यावर सतत चिडत राहिले. "चेहरे घासलेल्या ताटल्यांसारखे येतात," म्हणायचे.

सहा वर्षांपूर्वी मी त्यांना मिररलेस कॅमेरा आणून दिला. त्या जुन्या स्क्रूच्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाहीत, मधे एक धातूचं कडं लागतं, अडॅप्टर. मी तेही आणलं होतं. बाबांनी लेन्स कड्यात फिरवून घट्ट केली, कडं कॅमेऱ्यावर बसवलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. मी त्यातली एक सोय चालू करून दिली होती. जिथे फोकस नेमका असेल तिथल्या कडांवर लाल ठिपके चमकतात. ते स्टुलावरच्या आईकडे बघत म्हणाले, "अरे, हिच्या भुवयांवर लाल मुंग्या चालतायत!" त्या दिवशी ते लहान मुलासारखे खूश होते.

वर्षभराने त्यांचा फोन आला. "सौसन, तुझं कडं जरा जाड पडलं गं. जवळचं ठीक येतं, पण दूरची जहाजं धूसर दिसतात."

असं होऊ शकतं. स्वस्तातलं कडं केसभर जाड निघालं, की लेन्सची नजर दूरवर पोचत नाही. मी कैरोत शोधून दुसरं, महागातलं आणलं. बाबांनी डबी न उघडताच खणात टाकली. "राहू दे. जहाजं थोडीच आपल्याकडे पासपोर्टचे फोटो काढायला येतात?"

हा विनोद मी मैत्रिणींना सांगत असे. पण शुक्रवारी नमाजानंतर कालव्याच्या काठावर जाऊन जहाजांचे फोटो काढायचे, एवढाच त्यांचा शौक होता, आणि त्या वर्षापासून तो बंद झाला. मी बाबांना आयुष्यात एक मोठी वस्तू दिली, आणि तिच्यातल्या खोटीनं त्यांचा शुक्रवार गेला, हे माझ्या मनात कायम राहिलं.

*

दुकानाचं शटर वर केलं तेव्हा आत फिल्म धुण्याच्या फिक्सरचा वास नव्हता, तो कधीच गेला होता. नुसती बंद हवा होती. आईने आधी फरशीवर पाणी मारून झाडून घेतलं, मग पांढरा पडदा सोडला, दिवे लावले. गेल्या काही वर्षांत ती रोज बाबांबरोबर दुकानात येऊन बसत असे, साठी उलटल्यावर संगणकही शिकली होती. अशरफ फोनवर तिला चिडवायचा, "बाईमाणसं फोटोला येतात म्हणून पहारा देतेस ना?" ती म्हणायची, "हो. तुझ्या बापावर माझा भरवसा नाही."

स्टूल जमिनीला स्क्रूने आवळलेलं होतं. पोरं गरागरा फिरवतात म्हणून, असं बाबांनी सांगितलं होतं. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या तीन पायांसाठी फरशीत तीन खळगे कोरलेले होते. मी पाय त्यांत बसवले.

आई काळ्या कपड्यांत स्टुलावर बसली. तिने डोक्यावरचा रुमाल कपाळावर नीट ओढला.

उम्म वजदी दारातल्या बाकावर बिया सोलत होती. "हस थोडी, नाहीतर कुवेतवाले परत धाडतील."

"हसलेला चालत नाही," आई म्हणाली. "चाळीस वर्षं ऐकतेय मी."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. लाल ठिपके कधी तिच्या नाकाच्या शेंड्यावर यायचे, कधी रुमालाच्या काठावर. डोळ्यांवर आले की मी बटण दाबायची, तोवर ती श्वास घ्यायची आणि ठिपके विस्कटायचे. मला स्वतःलाही नीट दिसत नव्हतं. तिचा चेहरा एवढा मोठा, एवढा जवळ मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. आठ-दहा फोटो काढले. आई उठली, संगणकासमोर बसून तिने एकेक मोठा केला.

"कान छान आलाय. डोळा धूसर. हा पण धूसर. हे सगळे परत येतील."

"आई, आपण त्या मोबाईलवाल्याकडे..."

"डोळे मीट."

"काय?"

"मीट म्हणते ना." ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने माझा उजवा हात धरून लेन्सवर ठेवला. "आता रिंग हळूहळू फिरव. बोट वरून फिरव, नखानं. लागलं काही?"

काही लागलं नाही. मग लागलं. धातूवर खसखशीएवढा उंचवटा. जरा मागे, न फिरणाऱ्या भागावर, तसाच आणखी एक.

"दोन्ही समोरासमोर आण."

मी आणले. डोळे उघडले. आई परत स्टुलावर जाऊन बसली होती. लेन्सवर दोन लाल थेंब एकमेकांसमोर होते. इतक्यांदा मी ही लेन्स हातात घेतली होती, मला ते जुन्या रंगाचे टवके वाटले होते.

"चेहरा सरळ, मान सैल," आई स्वतःशीच म्हणाली, आणि तिने श्वास सोडला.

मी बटण दाबलं.

या वेळी सगळं होतं. पापण्यांचे केस, डोळ्याखालच्या बारीक रेघा, आणि बुबुळात दिवा, तिकाटणं, त्यामागे वाकलेली मी.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पाच वर्षं होत आली." ती छापून आलेल्या फोटोच्या कडा कापत होती, माझ्याकडे न बघता. "त्यांच्या नजरेतलं मधलंच गेलं. कडेचं दिसायचं, रस्ता दिसायचा, दार दिसायचं. चेहरा तेवढा दिसायचा नाही. इस्माइलियाच्या डॉक्टरनं सांगितलं, उपाय नाही. मग त्यांनी स्टूल आवळलं, फरशी कोरली, म्हणजे अंतर हलायला नको. थेंब मी लावायचे. बोटानं झिजतात, दोन महिन्यांनी परत लावावे लागतात."

उम्म वजदीने सोलायच्या बिया बाजूला ठेवल्या.

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"'फोटोवाल्याला चेहरा दिसत नाही, हे कळल्यावर कोण येईल गं दुकानात,' म्हणायचे."

"आम्ही काय गिऱ्हाईक होतो?"

मला ईदचे दिवस आठवले. मी कैरोहून आले की बाबा दारातच माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरायचे, अंगठे गालांवरून फिरवायचे, म्हणायचे, "बारीक झालीस." म्हातारपणी माणूस मायेनं ओला होतो, असं मला वाटायचं. मग मला स्टुलावर बसवून हनुवटी बोटानं वर करून ते एक फोटो काढायचे. दर ईदला. ते सगळे माझ्याजवळ आहेत. त्यांतला एकही धूसर नाही.

"आणि ते कड्याचं?" मी विचारलं. "दूरची जहाजं धूसर दिसतात म्हणाले होते, ते?"

"मला कॅमेऱ्यातलं काय कळतं," आई म्हणाली. "मी थेंब लावायचे."

उम्म वजदीने बाकावरूनच नाक शिंकरलं. "माझ्या वजदीच्या लग्नाला त्यांनी माझा फोटो काढला तेव्हा म्हणाले, उम्म वजदी, आज फार सुंदर दिसतेस. मेला खोटारडा."

"दिसलं नाही म्हणूनच म्हणाले," आई म्हणाली. आणि आता दोघी मनापासून हसल्या.

*

व्हिसा आला तसा अशरफ आईला न्यायला आला. गाडीत बसण्यापूर्वी आईने बॅगेत हात घातला आणि रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात दिली.

"लेन्स तू नेणार ना? मग हेही तुझ्याकडेच हवं. थेंब झिजू देऊ नकोस." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आणि नमाज पढत नाहीस म्हणून नखांना लावून संपवू नकोस. मला कळतं सगळं."

गाडी वळणावर गेली. जाणारं माणूस सुखरूप परत यावं म्हणून उम्म वजदीने मागून पाण्याचा तांब्या रस्त्यावर ओतला आणि जिना चढून वर गेली.

दुकानाची किल्ली जागामालकाला देऊन मी कालव्याच्या काठावर गेले. शुक्रवारची दुपार होती. कुटुंबंच्या कुटुंबं बसली होती, पोरं साखरेचा कापूस खात होती. माझ्या गळ्यात कॅमेरा होता, पिशवीत खणातली ती डबी. तिच्यावरची पट्टी अजून तशीच होती. डबीतलं कडं लावून बघायचं आणि फरक समजून घ्यायचा, असं ठरवून मी आले होते. आधी जुनं कडं.

कालव्याच्या तोंडाशी एक मालवाहू जहाज दिसत होतं, अजून खूप दूर. मी रिंग पार शेवटपर्यंत फिरवली आणि पडद्यातलं चित्र मोठं केलं. नाकाडावर पांढऱ्या अक्षरांत नाव होतं. ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता येत होतं. नांगराच्या भोकाखाली गंजाचा ओघळ होता. कठड्याशी कुणीतरी उभं होतं, त्याने एक हात कमरेवर ठेवला होता.

कड्यात काही दोष नव्हता.

डबी मी उघडली नाही. जहाज हळूहळू जवळ येत राहिलं. मी नखाने रिंग मागे फिरवू लागले. आधी अक्षरं गेली, मग तो माणूस, मग कठडा. दोन थेंब समोरासमोर आले तेव्हा पडद्यात नुसता एक मोठा करडा आकार सरकत होता. कडेला थोडं पाणी, थोडं आकाश.

जहाज समोरून पूर्ण जाईपर्यंत मी ते तसंच पाहिलं.