इंचभर जास्तीचं टेबल

सुनेच्या चित्रावर चहा सांडला तेव्हा घरात कोणी कोणाला बोललं नाही. बोलणार तरी कोणाला? जेवणाचं टेबल एकच, त्यावरच ताटं, त्यावरच हिचे रंग. मुलांच्या पुस्तकाचं ते शेवटचं पान होतं, रात्रंदिवस राबून काढलेलं. कागद टिपत ती एवढंच म्हणाली, "बास झालं. काम प्रकाशकाला परत करते आणि ब्रश उचलून ठेवते."

नवरा "असं नको करूस" म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र गळ्यात टेप अडकवून सासूबाई सुनेसमोर उभ्या! "खुर्चीत बस. पोट आत घेऊ नकोस, ड्रेस नाही शिवत मी. टेबल करतेय. ते होईस्तोवर प्रकाशकाला काही कळवायचं नाही."

"टेबल? तुम्ही?"

"का? हात मोडलेत माझे?"

आता सासूबाईंनी जन्मभर केलं ते शिवणकाम. खिडकीपाशी मशीन, पायाखाली चिंध्या, तोंडात टाचण्या. लाकडाशी संबंध म्हणजे कपाटाचं दार आपटण्यापुरता. पण बाई हट्टाला पेटली की पेटली. सुनेच्या मासिकातला एक फोटो त्यांनी हेरून ठेवला होता. साठेक वर्षांपूर्वी निघालेल्या घाटाचं डेस्क, ना नक्षी ना मूठ. साधी फळी, खाली निमुळते होत गेलेले चार तिरके पाय, एक उथळ खण आणि तो ओढायला अर्धगोल खाच. "याला म्हणतात बेत," त्या म्हणाल्या. "एक रेघ जास्तीची नाही."

आधी त्यांनी वर्तमानपत्रं चिकटवून अख्खं टेबल कागदात बेतलं. मग फळीसाठी प्लायवूड आणि पायांसाठी सागवान आलं, शेजारच्या सुताराकडून रंधा आला. पहिला पाय इतका तासला गेला की त्याचं पार लाटणं झालं. दुसऱ्यापासून हात बसला. "पाय बाहेर झुकवणं म्हणजे परकराला घेर देण्यातलाच प्रकार की," म्हणत त्यांनी चारही पाय एकसारखे तिरके बसवले. खण एका बोटाने ओढला तरी सुळकन बाहेर यायचा.

सून पॉलिश पेपर घासायला बसायची आणि त्या हातांकडे बघतच राहायची. आपण एका डागापायी ब्रश टाकला, या बाईने मात्र बिघडलेला पाय बाजूला ठेवून नवा घेतला. काय जिद्द म्हणायची ही! पण टेबल बसणार होतं कपाटाशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, घरात दुसरी जागाच नव्हती. तिथे पिवळ्या दिव्याखाली रंग काय कळणार, कपाळ? काम सोडावंच लागणार, हे तिला दिसत होतं. आईंचं मन मोडेल म्हणून ती बोलत नव्हती.

पॉलिश वाळलं. टेबल कोपऱ्यात सरकवलं आणि कपाट न् भिंतीच्या मध्ये अडलं. इंचभर जास्त!

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! मेली सवय! दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिलाईसाठी सोडला बघ."

नवरा हसून हसून खालीच बसला. "आई, लाकूड दुमडून शिवणार होतीस?" मग तो करवत आणायला उठला.

"खबरदार! कडा गोल केल्यात मी. हात लावलास तर याद राख." त्यांनी घरभर नजर फिरवली. "आता काय करणार? खिडकीपासचं माझं मशीन हलवा. मी बसेन त्या कोपऱ्यात. सरळ शिलाई मला डोळे मिटूनही येते."

"भलतंच काय, आई!" सून कळवळली. "ती तुमची जागा आहे. तुम्हाला उजेड नको?"

"चूक कोणाची? माझी. मग मीच निस्तरणार. हलवा म्हणते ना!"

मशीन हललं. सुनेने खाली झाडू फिरवला. धाग्यादोऱ्यांच्या आणि धुळीच्या थराखाली निळ्या खडूच्या दोन रेघा निघाल्या, कापड बेतताना सासूबाई मारतात तशाच. नवऱ्याने टेबल आणून ठेवलं. फळीची दोन्ही टोकं बरोबर त्या रेघांवर आली, तंतोतंत.

सून वाकलेली तशीच राहिली. ही जागा उघडपणे देऊ केली असती तर तिने ती जन्मात घेतली नसती, आणि सासूबाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

"काय गं, काय सापडलं?" सासूबाईंनी जरा घाईनेच विचारलं.

सुनेने ओल्या फडक्याने दोन्ही रेघा पुसून टाकल्या. "काही नाही, धूळ." मग ती खुर्ची ओढून बसली. कोपरं फळीवर अलगद टेकली, खांदे सैल झाले, खिडकीतला उजेड डावीकडून पुढ्यात आला. "पण चुकलंच हो तुमचं, आई. चांगलं इंचभर."

"चुकलं तर चुकलं," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "तू ते पान काढायला घे."

सुनेने कोरा कागद पुढ्यात ओढला.