घडी घालून ठेवलेला गुडघा

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. कोणाच्या पायातला नाही, डॉक्टरांच्या टेबलावरचा, प्लास्टिकचा. कारखान्यातच माझ्या सांध्यातली अर्धी गादी खडबडीत करून पिवळी रंगवली, म्हणजे आजार मी जन्मतःच घेऊन आलो.

माझं काम एकच. पेशंट समोर बसला की डॉक्टर मला वाकवायचे, पिवळ्या भागावर पेन टेकवायचे आणि म्हणायचे, "हे बघा, असं झिजलंय." समोरचा माणूस एकदम गप्प व्हायचा. सफाईच्या मावशी मला पुसताना म्हणायच्या, "तोंड नाही तुला, पण डॉक्टरांपेक्षा तुझंच लोकांना पटतं." मी फुगून जायचो. आज ते सांगायला लाज वाटते.

एक दिवस टेलरबाई आल्या. सोबत धाकटी बहीण. चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या बाई. दुकान चौदा पायऱ्या चढून वर, आणि त्या चढताना गुडघा ठणकायचा. "दुकान तेवढं सुटायला नको," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी मला वाकवलं. "झिजलाय. सांभाळा. व्यायाम शेजारच्या खोलीत शिकवतील." बाहेर गर्दी होती, म्हणून बोलणं तिथंच आटोपलं. बाईंनी माझ्या पिवळ्या भागावरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघतात तसं, आणि शेजारच्या खोलीत न जाता त्या घरी गेल्या.

आठ महिन्यांनी त्या चाकाच्या खुर्चीतून आल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी व्यायामवाल्या ताईंना हाक मारली. मांडी मोजायला टेप सापडेना, तेव्हा टेलरबाईंनी स्वतःच्या पिशवीतून काढून दिला. आकडा त्यांनीच वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "एवढं माप तर मी लहान पोरांच्या पँटला घेते."

"चालत नव्हतात का तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, झिजलाय, सांभाळा. झिजलेलं कापड वापरलं की फाटतं. मी पाय घडी घालून ठेवला."

"मीच ताईला पलंगावरून उठू देत नव्हते," बहीण म्हणाली आणि रडू लागली.

मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं. लोक माझ्यासमोर गप्प व्हायचे ते समजून नव्हे, घाबरून. असे आणखी किती जण घरी जाऊन पलंगाला खिळले असतील?

व्यायामवाल्या ताई खुर्चीशेजारी बसल्या. "मावशी, तुमचं मशीन आठ महिने बंद आहे. काय झालं असेल त्याचं?"

"जाम झालं असेल. रोज चालवलं तरच ते..." बाईंनी स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"गुडघ्याचंही तेच. हलवला तरच आतल्या गादीला पोषण मिळतं. आणि मांडीत ताकद असली की गुडघ्यावरचा भार हलका होतो."

मग ताईंनी व्यायाम शिकवला: बसल्या जागी पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशीही जास्त दुखत राहिलं तर कमी करायचं. पहिल्या दिवशी बाईंना तीनदाच जमलं आणि त्या घामाघूम झाल्या. पण येत राहिल्या. पुढे कठड्याला धरून, दोनदा थांबून चौदा पायऱ्या चढल्या. गुडघा अजून कुरकुरतो, पण दुकान उघडलं.

माझं एवढंच मागणं आहे. मला दाखवा, पण मला पाहून कोणी घाबरलं तर त्याला तसंच घरी पाठवू नका. काय करायचं तेही सांगा.

परवा एक गृहस्थ मला बघून म्हणाले, "झिजलाय म्हणजे आता बसूनच राहायचं ना?" दाराशी नंबर लावून बसलेल्या टेलरबाईंनी मान वर केली.

"मी आठ महिने घडी घालून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "उलगडायला वर्ष लागलं."