वजनावर घेतलेला टर्बो

टर्बो वजनावर घेणारी माणसं मी फैजपूरचीच पाहिली.

तेजस, त्याचे वडील उखर्डूआबा आणि दोन काका असे चौघे गाडी घेऊन माझ्या गॅरेजात आले. आल्याआल्या एका काकांनी विचारलं, "मिस्त्री कुठाय?" मिस्त्री मीच. जळगावात दोन वर्षं 'नूतन टर्बो'ची पाटी लावून बसलेय, तरी नूतन म्हणजे मिस्त्रीची बायको, असंच लोक धरून चालतात.

तेजसला धुळ्याची चारशे मीटरची शर्यत जिंकायची होती. मी दोन टर्बो टेबलावर ठेवले आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. इंजिनाच्या धुरावर आतला पंखा फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. पंखा मोठा असला की ताकद जास्त, पण त्याला वेग घ्यायलाच वेळ लागतो. चारशे मीटरला लहानच घे.

तेजसनं बापाकडे पाहिलं. टर्बोचे व्हिडिओ बघून डोळे फोडले यानं, आणि निवड मात्र बापाची! आबांनी एकेका हातावर एकेक टर्बो घेतला आणि डोळे मिटले.

"केयीचा घड मी असाच पारखतो," ते म्हणाले. "हा भरेल हाये. हाच बसव."

काकांनी माना डोलावल्या.

"आबा, हे केळं नाही."

"नसन बसवत तर सांग. पुन्याले जातो."

मला राग आला. पण हावही सुटली. त्यांच्या यावल तालुक्यात ही गाडी न ओळखणारं पोर नाही. मी अट घातली, मागच्या काचेवर माझ्या गॅरेजचं नाव लागेल. आबांनी हो म्हटलं आणि मी तो धोंडा बसवला.

लहान टर्बो आठवड्याभरात धुळ्याच्या स्वप्नीलनं स्वतःच्या गाडीला बसवून घेतला. त्यानं दोन प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकून घेतली, एवढंच मला नवल वाटलं. गाडी तयार झाल्यावर म्हणाला, "नाव नको लावू, ताई. मना बापले समजी जाई." मी लगेच कबूल झाले. याला ओळखतंय कोण!

शर्यतीत दोघांची गाठ पडली. झेंडा पडला आणि स्वप्नील सुटला. तेजसनं पाय दाबून धरला, पण टर्बो झोपलेलाच. तीनशे मीटरवर तो जागा झाला आणि अशी शिट्टी मारली की कुल्फीवाल्यानंही मान वळवली. तोवर स्वप्नील रेघ ओलांडून ब्रेक दाबत होता.

माइकवाल्यानं मागची काच वाचली. "नूतन टर्बो हरली!" लोक हसले. जिंकलेल्या गाडीचं कामही माझंच होतं, पण तिची काच कोरी होती आणि मी शब्द दिला होता.

मी तेजसच्या गाडीमागे जाऊन स्टिकर खरवडायला लागले. आबा जवळ आले. हरलेल्या माणसाचा चेहरा नव्हताच तो.

"याच्याहून वजनदार नाही का तुह्याकडे?"

"नाही," मी म्हणाले. हा शब्द पहिल्याच दिवशी तोंडातून का फुटला नाही, म्हणून स्वतःचीच चीड आली.

स्टिकर काही केल्या निघेना. स्टिकर घेताना दुकानदारानं तीन मापं दाखवली होती. मी सगळ्यात मोठं घेतलं होतं.