सात नंबरचा उंदीर दांडी सोडत नाही

उंदरांची मला किळस नाही. माणसांची आहे, तीही निवडक. अठरा वर्षं या प्रयोगशाळेत पिंजरे धुतेय, उंदीर चावला तर का चावला तेही मला कळतं.

आमच्याकडे उंदरांना अफूच्या जातीचं औषध देतात. पिंजऱ्यात एक दांडी असते. ती दाबली की पंपाच्या नळीतून औषधाचा थेंब थेट रक्तात. महिनाभर असे लाड करायचे, मग एके दिवशी पंप बंद. आता दाब मेल्या किती दाबायचं ते, काही मिळणार नाही. किती वेळा दाबून तो नाद सोडतो, ते मोजायचं. शिकलेल्या माणसांचे उद्योग.

बाकीचे उंदीर चार दिवसांत शहाणे झाले. सात नंबर मात्र दांडीला चिकटला. खाणं सोडलं, नुसता माझ्याकडे टक लावून बघायचा. मला राहवेना. पंप तपासायला मागे एक बटण असतं. प्रयोग करणाऱ्या मॅडम जेवायला गेल्या की, त्याने दांडी दाबताच मी ते हळूच एकदा दाबायचे, म्हणजे त्याला थेंब मिळायचा. रोज नाही हं, जीव अगदीच तुटला तर.

आठवड्याने मॅडम आकडे घेऊन आल्या. इतर उंदीर जवळजवळ शून्यावर आणि या पठ्ठ्याने एका दिवसात अकराशे वेळा दांडी दाबलेली. मॅडमना वाटलं, मोठा शोध लागला. मोठ्या साहेबांना फोन लावायला निघाल्या, तेव्हा मी कबूल केलं.

त्या आधी पांढऱ्याफटक पडल्या, मग लालबुंद. "मावशी, दर वेळी दिलं असतंत तरी परवडलं असतं. दर वेळी मिळणारं बंद झालं की त्याला लगेच कळतं. तुम्ही अधूनमधून दिलंत. आता शंभरदा नाही मिळालं तरी त्याला वाटणार, पुढच्या वेळी मिळेल."

मी मान खाली घालून ऐकत होते. पण डोळ्यांपुढे सात नंबर नव्हे, आमच्या घरचं कपाट होतं.

आईच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून दुखण्यावरच्या कडक गोळ्या आमच्या कपाटात असतात. माझ्या धाकट्या भावाला त्यांचं व्यसन. बेचाळीस वर्षांचा घोडा रोज संध्याकाळी येऊन दार वाजवतो आणि मी शिव्या घालून हाकलते. पण कधी शेजारी डोकावले, कधी तो रडला, की एक गोळी फटीतून सरकवते, ब्याद टळू दे म्हणून. वर लोकांना तोऱ्यात सांगायचे, मी दहातल्या नऊ वेळा नाहीच म्हणते. कपाळ माझं.

त्या संध्याकाळी दार वाजलं. मी आतूनच म्हणाले, "जेवायला वाढते, दवाखान्यात सोबत येते. गोळी आता कधीच मिळणार नाही."

"बरं," तो म्हणाला आणि वाजवत राहिला.

"ऐकू येत नाही का? कधीच नाही."

"ऐकलं ना, ताई. गेल्या महिन्यातही असंच म्हणालीस आणि मंगळवारी दिलीस. तू सावकाश ये, मी थांबतो."

आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. माझ्यावर त्याचा पूर्ण भरवसा होता आणि तो मीच त्याला दिला होता. दाराला पाठ टेकून मी खाली बसले आणि पोटभर रडले, पण कपाटाकडे गेले नाही. साडेसातला वाजवणं थांबलं.

"उद्या येतो," तो म्हणाला.